वच्छलाचं हसू

सासऱ्याच्या पुण्यानुमोदनाला वच्छला हसली आणि तिच्या संसाराची घडी विस्कटली, ती कायमचीच.

सहा वर्षं झाली त्याला. जवाहरनगरच्या पल्याड, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका लहान गावात तिचं सासर. सासरे ताराचंद म्हणजे गावातलं मानाचं माणूस. विहाराच्या बांधकामात त्यांनी विटा वाहिल्या होत्या, आजूबाजूच्या चार गावांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, मांडवात माणूस मावेना. पांढऱ्या कपड्यांतली बाया-माणसं दाटीवाटीनं बसलेली, समोर हार घातलेला फोटो, मेणबत्त्या, आणि बौद्धाचार्य संथ आवाजात पंचशील म्हणत असलेले. वच्छला बायकांच्या पहिल्या ओळीत, सासू जनाबाईला खेटून हात जोडून बसली होती.

तिला खरोखर भरून आलं होतं. म्हातारा तिच्यावर जीव लावून होता. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवून दुपारी घरी यायची, तेव्हा आधी "जेवली का नाई?" असं विचारणारं घरात तेच एक माणूस होतं.

आणि तेवढ्यात बेंबीच्या वर काहीतरी गार हललं. ओल्या फडक्यासारखं ते गार पोटातून छातीत चढलं, छातीतून गळ्याशी आलं. त्याच्याबरोबर भीती आली, कशाची ते कळू न देणारी, हातापायातलं बळ काढून घेणारी. वच्छलानं दात घट्ट दाबले. पण तोंड तिचं राहिलं नव्हतं. आतून हसू सुटलं. एकाच पट्टीतलं, तुटक, हीहीही करत जाणारं. बौद्धाचार्य थांबले. दोनशे माना वळल्या. वच्छलाला ते सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. फक्त थांबता येत नव्हतं. अर्ध्या मिनिटानं जसं आलं तसं ते गेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात तसेच जोडलेले होते.

 माणसं पांगल्यावर, भांडी घासायच्या दगडापाशी तिला गाठून जनाबाईनं विचारलं, "काहून हासली तू?"

"मी नाई हासली आई."

"मंग कोन हासलं? माहा घरधनी गेला, अन् तू त्याच्या फोटोसमोर दात काढून राहिली?"

 वच्छलालाच ठाऊक नव्हतं कोण हसलं ते.

खरं सांगायचं तर ते हसू नवं नव्हतं. अड्याळला, माहेरी, लहानपणापासून ती अधूनमधून उगाच हसायची. दिवसातून एकदा, कधी आठवड्यातून एकदा. इवलंसं, क्षणभराचं. आई विमलाबाई भाजी विकायला बसायची, मांडीवरची ही पोर खुदकन हसली की गिऱ्हाईक खूश व्हायचं. "हासरी आहे हो तुमची पोरगी," लोक म्हणायचे. घरात तिचं नावच हासरी पडलं. पोटातलं ते गार तेव्हाही असायचं, पण वच्छलाला वाटे, सगळ्यांनाच हसण्याआधी तसं होत असेल. असं कोणी कोणाला विचारतं थोडंच!

अश्विन तिला पाहायला आला तो दिवसही तसाच. पोह्यांच्या बशा घेऊन ती बाहेर आली, खाली मान घालून उभी राहिली, आणि अश्विननं शिक्षण विचारलं तेव्हा एकदम हसली. विमलाबाईला वाटलं, स्थळ गेलं. पण अश्विनला ते हसू फार आवडलं. घरी जाताना बसमध्येच तो बापाला म्हणाला, "पोरगी मनमोकळी आहे, बाबा. हेच जमवा." लग्नानंतर कित्येक वर्षं तो कौतुकानं हे सांगायचा. तो जवाहरनगरला कंत्राटी कामावर होता. सकाळी सायकलनं जायचा, संध्याकाळी यायचा. दारू नाही, मारझोड नाही. गुड्डी झाली, तिला त्यानं खांद्यावर बसवून गावभर मिरवलं. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगितलेलं बरं.

पण पुण्यानुमोदनानंतर हसू वाढलं. आठवड्याचं रोजचं झालं, रोजचं दिवसातून पाच-सहा वेळा. चुलत नणंदेचं मूल पोटात गेलं, तिला भेटायला गेली, तिथं हसली. शेजारच्या म्हाताऱ्याचा पाय मोडला, तिथं हसली. शाळेत खिचडी वाढताना हसली की पोरंही हसायची, त्यांना वाटे बाई मजा करून राहिल्या. दुःखाच्या घरी मात्र तिला बोलावणं बंद झालं. मग सुखाच्याही.

अश्विननं सुरुवातीला समजावलं, मग चिडला, आणि शेवटी एक दिवस शांतपणे म्हणाला, "वच्छला, तुले आमच्या घरच्याइचा काही राग आहे का? असन त सांग. पन असं चारचौघात नाक नको कापू."

"मले समजतच नाई हो काय होते ते. पोटातून गार येते, भेव वाटते…"

"भेव वाटल्यावर मानूस हासते का?"

 बोलताना तिचं तिलाच खोटं वाटायचं.

दुसऱ्या कुठल्या घरात असती तर कोणी म्हणालं असतं, बाईला बाहेरचं लागलं. दोष भुताचा झाला असता, बाई सुटली असती. पण या घरात आजेसासऱ्यापासून देवदेवस्की, उतारा, अंगात येणं सगळं बंद. भूत नाही म्हटल्यावर उरली फक्त वच्छला. हसते म्हणजे तीच हसते, मुद्दाम हसते. तालुक्याच्या एका डॉक्टरकडे अश्विननं तिला नेलं. डॉक्टरनं ताप पाहिला, रक्तदाब पाहिला आणि म्हणाला, "टेन्शन आहे. घरात काही भांडण?" झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन वच्छला दिवसभर पेंगायची, आणि पेंगता पेंगता हसायची. ते तर आणखीच भयंकर दिसायचं.

अशी चार वर्षं गेली. हसल्यानंतर आता तिला थोडा वेळ काही सुधरेना. ओठ चाटत बसायची, पदराचं टोक चिवडत राहायची, हाक मारली तर ओ द्यायची नाही. गुड्डी तेव्हा दहा वर्षांची. शाळेतून येऊन एकदा म्हणाली, "आई, तू शाळेत नको येत जाऊ. पोट्टे मले पागलीनची पोरगी म्हनतात." त्या दिवशी वच्छला गोठ्यात जाऊन बसली आणि तिनं स्वतःच्या दोन्ही गालांवर इतक्या चापट्या मारल्या की दुसऱ्या दिवशी बोटं उमटलेली दिसत होती.

शेजारच्या बेबीबाईला ते पाहवलं नाही. "माय, मानत नसशीन तरी एक डाव चाल," ती म्हणाली. "साकोलीच्या पुढं, जंगलाच्या कडेले एक महाराज बसते. माह्या भाचीचं तिथंच बरं झालं. कोनाले सांगू नको."

वच्छला तीन दिवस विचार करत राहिली. सासरे असते तर काय म्हणाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी चौथ्या दिवशी, माहेरी जाते असं सांगून, ती बेबीबाईबरोबर साकोलीच्या बसमध्ये बसली. बुडणारा काय धरतो ते पाहत नाही.

महाराजांनी धूर केला. लिंबाच्या डहाळ्यांनी तिच्या पाठीवर मारलं. "बोल, कोन आहेस तू? कुठून आली?" वच्छला रडत म्हणत होती, "मी वच्छला आहो, महाराज, मीच आहो." धुरानं जीव घुसमटला, आणि पोटात ते गार हललं. ती हसायला लागली. जमलेल्या बाया मागं सरकल्या. महाराज ओरडले, "पाहा, अंगातली चेडी हासून राहिली! सापडली!" मग डहाळीच्या जागी काठी आली. वच्छलाला प्रत्येक फटका कळत होता आणि हसू थांबत नव्हतं. तिला एकच वाटत होतं, आता ही माणसं मला मारून टाकतील आणि मी हसतच मरेन.

पाठीवरचे वळ लपले नाहीत. जनाबाईनं पाहिले, बेबीबाईला दम दिला, सगळं बाहेर आलं. अश्विन त्या रात्री जेवला नाही. सकाळी त्यानं तिची पिशवी दारात ठेवली.

"बाबा गेले तेव्हा हासली ते मी गिळलं," तो म्हणाला. "पन बाबाइनं जलमभर जे मानलं नाई, त्याच्या पायाशी जाऊन तू बसली. आता काही दिवस अड्याळलेच राह्य."

"गुड्डीले त नेऊ द्या."

"तिची शाळा आहे."

काही दिवसांचे आठ महिने झाले. अश्विनचा फोन यायचा तो गुड्डीच्या सुट्टीबद्दल, तेवढाच.

विमलाबाई आता थकली होती, तरी भाजीची टोपली घेऊन बाजारात बसायची. वच्छला घर सांभाळायची. कोणी येऊ नये म्हणून दिवसाही दार लोटून घ्यायची. एका सकाळी चुलीपुढं भाकरी थापत असताना गार आलं, हसू आलं, आणि त्यानंतर जे कधी झालं नव्हतं ते झालं. सगळं काळं झालं. विमलाबाई विसरलेलं तराजूचं पारडं न्यायला परत आली, म्हणून लेक जिवंत सापडली. वच्छला चुलीपाशी आडवी पडून झटके देत होती, तोंडाला फेस, डावा हात विस्तवात.

भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात तिला महिनाभर ठेवलं. तिथं ड्रेसिंगला मोनिका नावाची सिस्टर होती. तरणीताठी, बोलायला फटकळ, पण हाताला हलकी. जळालेल्या हाताची पट्टी सोडवताना वॉर्डातल्या बाया किंकाळ्या फोडायच्या. वच्छलाही कण्हायची. पाचव्या दिवशी पट्टी अर्धी निघाली असताना ती हसली. सिस्टरनं हात थांबवला. हसू संपलं. वच्छला ओठ चाटत, उजव्या हातानं चादर चिवडत छताकडं पाहत राहिली. मग भानावर आली, आणि सवयीनं म्हणाली, "माफ करा सिस्टर. मी मुद्दाम नाई केलं."

"मुद्दाम?" मोनिका म्हणाली. "बाई, या ड्रेसिंगले पहिलवान बोंबलते. इथं कोनी मुद्दाम हासूच शकत नाई. हे कधीपासून होऊन राहिलं?"

इतक्या वर्षांत तिच्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. वच्छला हुंदके देत सांगायला लागली. सिस्टरनं दुसऱ्या दिवसापासून मोबाइल तयार ठेवला, दोन वेळा ते हसू टिपलं, राऊंडला आलेल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी तीनदा पाहिलं आणि नागपूरची चिठ्ठी दिली.

नागपूरला मेंदूच्या डॉक्टर म्हणजे एक वयस्क बाई होत्या. त्यांनी व्हिडिओ पाहिला, आणि मग मोबाइल बाजूला ठेवून विचारलं, "हसताना तुम्हाला आनंद वाटतो का?"

 काहून हासली, असं वच्छलाला शंभर जणांनी विचारलं होतं. हे कोणीच विचारलं नव्हतं.

"नाई," ती म्हणाली. "एका डावही नाई."

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला, मोठ्या मशीनमध्ये झोपवून फोटो काढला. डॉक्टरबाईंनी फोटोवर पेनानं दाखवलं. मेंदूच्या अगदी तळाशी, मधोमध, हरभऱ्याएवढी गाठ. जन्मापासूनची. कॅन्सर नाही. पण तिथून ठिणगी उडते आणि हसू येतं. "ही मिरगीच आहे," त्या म्हणाल्या. "मिरगी म्हणजे प्रत्येक वेळी खाली पडून झटके येतात असं नाही. कोणाला वास येतो, कोणाला भीती वाटते, कोणी नुसतंच बघत राहतं. तुम्हाला हसू येतं. असं फार थोड्यांना होतं."

विमलाबाई मध्येच म्हणाली, "म्हनजे लहानपनचं हासनं…"

"तेसुद्धा."

म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. ज्या हसण्याचं तिनं बाजारभर कौतुक केलं होतं, ते लेकीचं दुखणं होतं.

अश्विनला फोन गेला. दुसऱ्या दिवशी तो नागपूरला आला, डॉक्टरबाईंपुढं मान खाली घालून बसला, सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर दोघं कँटीनच्या बाकावर बसले. चहा गार होत होता. जळालेला हात वच्छलानं पदराखाली घेतला होता. त्यानं विचारलं, "मी तुले पाहाले आलो होतो तवा हासली होती तू. तेबी…?"

वच्छलानं आठवून पाहिलं. पोहे, बशा, खाली घातलेली मान. पोटात गार होतं का? असावं. नसेलही. तेव्हा तो तिला आवडला होता, एवढं नक्की होतं.

"मले मालूम नाई," ती म्हणाली.

तो उठला आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आला. परत आल्यावर त्यानं तिची पिशवी उचलली. "चाल घरी," म्हणाला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं.

गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. दिवसातून सहा वेळा येणारं हसू आठवड्यातून तीन-चार वेळांवर आलं, त्याखाली काही जाईना. असल्या गाठीपुढं गोळ्या नेहमीच पुऱ्या पडतात असं नाही, डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशन होऊ शकतं, पण जागा अवघड. आठवण जाऊ शकते, डोळ्याला धक्का बसू शकतो. विचार करा, म्हणाल्या. अश्विन आणि वच्छला वर्षभर विचारच करतायत.

विस्तवापाशी जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, उंचावर चढायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनी हात जोडले. "वच्छलाबाई, चुलीवरच्या एवढ्या मोठ्या गंजापाशी तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" त्यांचंही खोटं नव्हतं. धानाच्या रोवणीला जावं तर बांधीत, म्हणजे खाचरात, घोटाभर पाणी. चिखलात तोंडावर पडली तर तेवढंही पुरे. धानाच्या या मुलखात विस्तव आणि पाणी सोडून बाईला काम कुठलं! हातात दम असलेली अडतीस वर्षांची बाई ओसरीवर बसून दुसऱ्यांचे तांदूळ निवडते.

जनाबाईला अश्विननं मेंदूचा फोटो दाखवला, डॉक्टरांचं सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं फोटो उजेडात धरून नीट पाहिला.

"बिमारी असन," ती म्हणाली. "मी कोठं नाई म्हनतो? पन त्या दिवशी मांडवात माह्या घरधन्याले ते हासूच ऐकू गेलं असन ना."

"आई, बाबा गेल्यावर त्याइले कसं ऐकू जाईन?" अश्विन म्हणाला.

"जात नाई, मालूम आहे मले," जनाबाई म्हणाली, आणि फोटो पाकिटात घालून परत दिला. वच्छलाशी ती आता नीट बोलते. जेवायला वाढते, गोळीची आठवण करते. पण ताराचंदांच्या फोटोला हार घालायची वेळ आली की वच्छलाला हळूच बाहेर पाठवते. वच्छला जाते. तिला तिचा राग येत नाही. स्वतः तिच्या जागी असती, तर तिनंही हेच केलं असतं की काय, असं तिला वाटतं.

एवढं सगळं तिनं सोसलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात एक दुपार अशी आली की तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. आतल्या खोलीत गुड्डी एकटीच होती, आता बारा वर्षांची. आणि आतून हसू आलं. एकटीचं. मधेच थांबलं, पुन्हा आलं.

वच्छलाच्या मांडीवरचं सूप उडालं. तिनं आत धाव घेतली, पोरीचे दोन्ही खांदे धरले. "काय झालं? पोटात गार वाटलं का? भेव वाटलं का? खरं सांग!"

"आई, सोड ना! मोबाइल पाहून राहिली मी."

"भेव वाटलं का, ते सांग आधी!"

गुड्डी घाबरली. तिनं मोबाइल पुढं केला. मांजर दुधाच्या गंजात पडतं, असलं काहीतरी होतं. वच्छलानं ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. यात हसण्यासारखं आहे का, ते तिला ठरवता येईना. तिनं सिस्टर मोनिकाला फोन लावला. सिस्टरनं डॉक्टरबाईंना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं की असली गाठ सहसा आईकडून लेकराकडे जात नाही, काळजी करू नका.

सहसा. वच्छलानं त्यातला तेवढाच शब्द धरला. ती पोरीकडे बघत राहते. पोरगी जेवताना, अभ्यास करताना, मैत्रिणींशी बोलताना. गालाची जराशी घडी हलली तरी ती हातातलं काम टाकून उठते. अश्विन म्हणतो, "अवं, पोरगी आहे, हासन नाई त काय करन?" तिलाही ते कळतं. पण डोळे ऐकत नाहीत.

परवा संध्याकाळी सगळी ओसरीवर बसली होती. अश्विननं कामावरचा कुठलासा किस्सा सांगितला, साहेबाच्या चपला कुत्र्यानं पळवल्याचा. जनाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. गुड्डीचे ओठ हलले. तिनं ते आत दाबले, आईकडं वळली, आणि बाईंना शाळेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, "आई, मले कुत्र्याचं हासू येऊन राहिलं. भेव नाई वाटून राहिलं."

वच्छलानं मान हलवली. मग पोर हसली.